शेवटचे दोन आटे

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं त्याला आज अकरा दिवस झाले. मी फोन उचलत नाही म्हणून तू कागद घेऊन बसलीस, हे फार हुशारीचं केलंस. फोन कापता येतो. पत्र मात्र खिशात बसून राहतं आणि वर चढताना बरगडीला टोचतं. अकरा दिवस ते घेऊन मी परांचीवर चढलो-उतरलो. आता त्याच्या घड्या विरायला लागल्यात. म्हटलं, ते फाटायच्या आत उत्तर लिहावं.

आधी इकडचं थोडं सांगतो. मी इमारतींभोवती लोखंडी नळ्यांची परांची बांधतो. नळीला नळी जोडायची, मध्ये पकड लावायची, पान्यानं नट आवळायचा आणि वरच्या मजल्याला जायचं. काम बरं आहे, फक्त मला एक खोड लागलीय. प्रत्येक नट आवळला की मी दोन पावलं पुढे जातो आणि परत येऊन तो पुन्हा तपासतो. त्यामुळे इथे माझं नाव ‘दोनदा’ पडलंय. आमचा मुकादम सगळ्यांसमोर म्हणतो, दोनदा, तुझं लग्न ठरलं तर पोरीला हो म्हणून झाल्यावर पुन्हा विचारशील, नक्की ना? सगळे हसतात, मीही हसतो. सहा वर्षांत ही सातवी नोकरी. तुझी आजी म्हणायचीच, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे टिकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल. इथे मात्र दीड वर्ष टिकलोय. सूर्याचं मला माहीत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तू लिहिलंस की महापालिकेच्या मोठ्या जिन्याला ओळीनं सगळ्या माजी महापौरांचे फोटो आहेत, आणि वरून तिसऱ्या जागी नुसता खिळा आहे. नव्या महापौरांना तो खिळा खुपतो म्हणून त्यांचा कारकून घरी येऊन आईचा फोटो मागून गेला. आई म्हणाली, नको. एवढंच, पुढे काही नाही. मग तुमचं भांडण झालं आणि तू म्हणालीस, भर सभागृहात खोटं बोललीस आणि मला मात्र खरं बोलायला शिकवतेस. तेव्हापासून तीन आठवडे तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, आजीचं टपाल झालंय आणि तुझे बाबा घरातसुद्धा चोरपावलांनी चालतात. तू माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्यास. एक, माझ्याकडे असलेला आईचा फोटो. दुसरी, खरं काय ते. आईनं आपल्या गल्लीकडे पाणी वळवायला मला सांगितलं होतं का, आणि झडप जुनी आहे असं ती खोटं का बोलली.

फोटो पाकिटात घातलाय. दुसरी गोष्ट लिहायला बसलोय. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, आलो असतो तर सहा वर्षं लागली नसती. तेव्हा जरा दम धर.

तुझ्या आईचं महापौरपण लोक शेवटाकडून सांगतात. मी सुरुवातीकडून सांगतो, कारण सुरुवातीला मी तिच्या कमरेवर होतो. तुझे आजोबा गेले तेव्हा तुझी आई, माझी ताई, सोळा वर्षांची होती आणि मी तीन. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं, वर पत्रा, खाली कोळशाचं खोकं. आठवडाभरात ताई त्या टेबलामागे उभी राहिली. मी टेबलाखाली वाढलो. माझं पहिलं आभाळ म्हणजे त्या टेबलाची खालची फळी. वरून गरम कापडाचा वास यायचा, मधूनच पाण्याचा शिंतोडा अंगावर पडायचा, आणि मी रडायला लागलो की ती पायाच्या अंगठ्यानं माझं पोट हलवायची. हात तर रिकामे नसायचे. पुढे मला शाळेत घातलं, पण सातवीत शाळेनं मला आणि मी शाळेला रामराम केला. सायकलचं दुकान, बेकरी, छापखाना, प्रत्येक ठिकाणी तीन महिने. प्रत्येक वेळी ताई नवीन मालकाकडे जाऊन म्हणायची, पोरगा वाईट नाही, फक्त उकळता आहे.

गल्लीत तेव्हा सगळ्यांना मिळून कोपऱ्यावरचा एकच नळ. रोज सकाळी तिथे डोकी फुटायची बाकी असायची. एके दिवशी ताईनं कपड्यांवर खुणा करायचा खडू उचलला आणि रांगेतल्या एकेका भांड्यावर आकडा घातला. बायका म्हणाल्या, तू कोण गं मोठी आकडे घालणारी? ती म्हणाली, शेवटचा आकडा माझ्या कळशीवर आहे, कुणाला हवा असेल तर बदलून घ्या. कुणी बदलून घेतला नाही. चिमणे, पुढे ती नगरसेविका झाली, महापौर झाली, पण राजकारण म्हणून तिला जे काही येत होतं ते एवढंच. शेवटचा आकडा स्वतःचा ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांना गप्प बसवता येतं.

तिला उभं केलं ते न्हाव्यानं. टेकडीवरच्या वस्तीत राहायचा आणि आपल्या गल्लीत त्याचं दुकान होतं. तुला आठवत असेल, तुझे केस कापताना कात्रीनं ताल धरायचा. तोच ताईला म्हणाला, माणसांच्या सुरकुत्या काढतेस, आता शहराच्या काढ. ताई म्हणाली, दाढी करतोस ती कर, जीभ आवर. पण त्यानं ऐकलं नाही. आपल्या आरशावर तिचं नाव लिहिलं, म्हणजे जो दाढीला बसेल त्याला आधी ताई दिसायची आणि मग स्वतःचं तोंड. तुझे बाबा शिडी धरायचे, मी खळ लावायचो, न्हावी कागद चिकटवायचा. एक्केचाळीस मतांनी निवडून आली. न्हावी शेवटपर्यंत सांगायचा की एकोणचाळीस त्याच्या खुर्चीतली होती आणि दोन माझ्या खळीची.

नगरसेविका म्हणून पाच वर्षं तिनं टेबल सोडलं नाही. लोक कपडे आणि तक्रार एकाच गाठोड्यात आणायचे. दुसऱ्यांदा निवडून आली तेव्हा दोन मोठ्या गटांना एकमेकांचा माणूस महापौर म्हणून नको होता. खोकलेबुवा तुला माहीत आहेत, बोलण्याआधी दोनदा खोकायचे ते विरोधी पुढारी. ते म्हणाले, तोवर इस्त्रीवालीला बसवा, म्हणू तिथे सही करेल. असं तिचं महापौरपण ठरलं. शपथेच्या दिवशी शिपायानं कपाटातून महापौरांचा झगा काढला तर त्याला उभ्या-आडव्या शंभर चुण्या. ताई म्हणाली, हे अंगावर घालून मी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू? तिनं झगा काखोटीला मारला, चालत गल्लीत आली, टेबलावर पसरला, स्वतः इस्त्री केला आणि तिथेच अंगावर चढवला. त्या वेळी मी फोटो काढला. पाकिटातला तो हाच. एक हात टेबलावर आहे, इस्त्री अजून गरम आहे, आणि ती माझ्यावर ओरडते आहे की उशीर होतोय, मेल्या, ते यंत्र ठेव.

खुर्ची एवढी मोठी की तिचे पाय जमिनीला टेकेनात. तिनं घरून कोळशाचं जुनं खोकं मागवलं आणि पायाखाली घेतलं. सह्या म्हणशील तर तिनं पुष्कळ केल्या, फक्त वाचून केल्या, तिथेच सगळ्यांची पंचाईत झाली. आणि पहिल्याच वर्षी तिनं ते काम केलं ज्यावरून लोक अजून तिला ओळखतात. कुठल्या भागाला पाणी किती वाजता आणि किती वेळ, हे तिनं प्रत्येक गल्लीच्या भिंतीवर रंगानं लिहून घेतलं. सगळ्यांना दोन तास. टेकडीवरच्या वस्तीला, जिथे तोवर पाणी मर्जीनं यायचं, सकाळी दहा ते बारा. आपल्या गल्लीला सगळ्यांत शेवटी, दुपारी चार ते सहा, जेव्हा टाकीत तळ दिसायला लागतो. आजी तिला म्हणाली, अगं, लोकांची पोरं महापौर झाली तर घरी कारंजी लागतात, तू झालीस आणि आमच्या घागरीत ठणठणाट. ताई हसून म्हणाली, आई, खडू माझ्याच हातात आहे, म्हणून तर.

आता माझ्याकडे येतो. ताईनं आयुष्यात आपल्या माणसासाठी एकच शब्द टाकला आणि तो माझ्यासाठी. मी तेव्हा छापखाना सोडून घरी बसलो होतो. ती पाणीखात्याच्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, माझा भाऊ आहे, बदलीवर घ्या, चुकला तर काढून टाका. शिपायानं मला नंतर सांगितलं की तो शब्द टाकण्याआधी ती साहेबांच्या दारातून दोनदा मागे फिरली होती. मी चावीवाला झालो. खांद्याला लागेल एवढी लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली झडपेवर बसवायची आणि फिरवत राहायचं. मला शिकवलं ते खात्यातल्या सगळ्यांत जुन्या चावीवाल्यानं, म्हातारबानं, त्याची निवृत्ती जवळ आली होती. आपल्या गल्लीची झडप सोळा आट्यांची, म्हणजे चावीचे सोळा फेरे घातले की पुरती बंद. तो म्हणायचा, चौदा आटे हातानं मोज, शेवटचे दोन कानानं. म्हणजे चावीच्या दांड्याला कान लावायचा. आत पाणी असेल तोवर लोखंड गुणगुणतं. हळूहळू आवाज बारीक होतो, आणि सोळाव्या आट्याला एकदम गप्प. त्या गप्प होण्याला तो ‘झोपलं’ म्हणायचा. झोपलं की झाकण लावायचं, त्याआधी नाही.

चिमणे, तू विचारशील, मग तुझ्या भिंगरीमामाला ते काम आवडलं का? फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातानं सुरू व्हायचं आणि माझ्याच हातानं थांबायचं. सायकलवर चावी आडवी बांधून निघालो की लोक घड्याळ लावायचे.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता आजी जिन्यावरून पडली. तू शाळेत होतीस. खालच्या नळावरून बादली भरून वर नेताना तिचा गुडघा वळला आणि ती बादलीसकट चार पायऱ्या खाली आली. काही मोडलं नाही. पण ती पायरीवर बसली होती, लुगडं भिजलेलं, आणि रडत नव्हती, तोंडानं फक्त पुटपुटत होती की पाणी सांडलं, पाणी सांडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी आपल्या गल्लीची झडप बंद करायला बसलो. चौदा आटे हातानं मोजले. मग कान लावला. आत गुणगुणत होतं. आणि मी चावी काढून घेतली.

दोन आटे म्हणजे काय गं, नळाला करंगळीएवढी धार. पण ती दिवसभर. आजीला आता बादली उचलायला लागत नव्हती, तांब्या-तांब्यानं, हवं तेव्हा. ताई सकाळी जायची ती दिवस मावळल्यावर यायची, तिला घरचा नळ दिसतच नव्हता. आजीला दोष देऊ नकोस, तिला वाटलं नळाला तिची दया आली. पण एक दिवस ती मला म्हणाली, तुझ्या बहिणीच्या राज्यात नाही आलं, ते तुझ्या राज्यात आलं बघ. ‘तुझ्या राज्यात’. मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या बायकाही कळून न कळल्यासारखं करायच्या आणि माझी सायकल दिसली की सरकून वाट द्यायच्या. मी ठरवलं होतं, आजीचा गुडघा बरा झाला की ते दोन आटे फिरवून टाकू. गुडघा बरा झाला. मी फिरवले नाहीत.

उन्हाळा लागला तेव्हा मी केस कापायला न्हाव्याकडे बसलो होतो. कात्री चालवता चालवता तो म्हणाला, वर पाणी करंगळीएवढं येतंय रे, आमच्या दोन तासांत तीन हंडे भरत नाहीत, तू चावीवाला, बघ ना जरा. आरशावर ताईचं नाव अजून होतं, कडेनं उडालेलं. त्यातून तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, बघतो. एवढंच म्हणालो. त्यानं माझ्या मानेवरचे केस झटकले, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, तू म्हणालास म्हणजे झालं.

पुढचं तुला ऐकून माहीत आहे, पण कारण तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. आपली गल्ली आणि टेकडीवरची वस्ती एकाच मोठ्या नळीवर आहेत, आपण आधी, ते शेपटाला. सकाळी दहा ते बारा सगळं पाणी वर जायला हवं, तर वाटेत आपली झडप ते पीत बसायची. नळीत जोर असला की बाहेरची घाण आत येत नाही. जोर गेला की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांत वस्तीतली एकसष्ट माणसं दवाखान्यात गेली. तुझी आई दवाखान्याच्या पायऱ्यांवरून हलली नाही. टँकर मागवले, डॉक्टर मागवले, उकळलेलं पाणी घरोघर पोचवायला आम्हा सगळ्या चावीवाल्यांना लावलं. मी स्वतः डोक्यावर हंडे घेऊन ती टेकडी चढलो. बायका मला म्हणाल्या, देव तुझं भलं करो. पाचव्या दिवशी न्हावी गेला.

तेव्हा तरी तू झडप का बंद केली नाहीस, असं तू विचारशील. मीही विचारतो. हंडे पोचवायचे म्हणून आपल्या गल्लीची चार ते सहाची पाळी त्या दिवसांत बंद होती, आणि त्या झाकणाजवळ जायचीच मला भीती बसली होती. सगळं शहर पाण्याकडे बघत होतं, आणि मी चावी घेऊन तिथे वाकलो असतो तर कुणीतरी पाहिलं असतं. स्वतःला वाचवायला मी माणसांचं पाणी आणखी पाच दिवस तसंच गढूळ राहू दिलं. ह्यापेक्षा बरा शब्द मला सापडत नाही, सापडायलाही नको.

न्हावी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात आली. अकरा वाजले असतील. आरडाओरडा चालू होता. तेवढ्यात न्हाव्याच्या बायकोला भोवळ आली आणि कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारावं म्हणून कोपऱ्यावरचा नळ उगीचच फिरवून पाहिला. तोच नळ, जिथे ताईनं भांड्यांवर आकडे घातले होते. भिंतीवर रंगानं लिहिलं होतं, चार ते सहा. आणि अकरा वाजता नळाला धार लागली. एवढी माणसं एकदम गप्प झाली, चिमणे. म्हातारबानं मला लोखंड गप्प झालेलं ऐकायला शिकवलं होतं. माणसं गप्प झालेली त्या दिवशी ऐकली.

दुसऱ्या दिवशी सभा होती. आदल्या संध्याकाळी ताई घरी आली, कुणाशी न बोलता टेबलामागे गेली आणि इस्त्री करू लागली. तिला विचार करायचा असला की ती इस्त्री करते, हे तुला माहीत आहे. मला हाक मारली. माझ्याकडे न बघता इस्त्री टाचेवर उभी केली आणि विचारलं, झडप पूर्ण बंद केली होतीस? मी म्हणालो, हो. आणि लगेच पुढे म्हणालो, पण जुनी आहे ताई, आटे खाते, चावी फिरते पण झडप पुरती मिटत नाही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवून घे.

मी दोन शर्ट पिशवीत कोंबले, पिशवी खाटेखाली सरकवली आणि सकाळी पाणी सोडायला जातो म्हणून निघालो तो परत आलो नाही. चावी टेबलाला टेकवून ठेवली. त्याच सकाळी तुझी आई सभागृहात उभी राहिली. खोकलेबुवा खोकले आणि म्हणाले, महापौरांनी भावाकरवी पाणी स्वतःच्या दारात वळवलं. ती म्हणाली, मी कुणाला काही सांगितलं नाही, झडप जुनी आहे, आटे खाते. त्यापुढच्या दिवशी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. निवृत्त झालेल्या म्हातारबाला बोलावून चावी त्याच्या हाती दिली. त्यानं मोठ्यानं मोजलं, पंधरा, सोळा, आणि दांड्याला कान लावला. पाणी झोपलं होतं. झडप धडधाकट होती. लोक सांगतात, म्हातारबा कान लावून बराच वेळ तसाच बसून राहिला, त्याला उठवावं लागलं. आणि भाऊ कुठे आहे असं कुणी विचारलं, तर भाऊ पळाला होता. माझं पळणं हीच तिच्याविरुद्धची मोठी साक्ष झाली. मी तिथे उभा राहून एवढंच म्हणालो असतो की तिनं सांगितलं नव्हतं, तर ती सुटली असती. तिनं दुपारी राजीनामा दिला, झग्याची घडी घालून शिपायाच्या हातात ठेवली आणि टेबलाकडे परत गेली. हे सगळं मला आजीनं तुझ्या बाबांकडून लिहवून घेतलेल्या पत्रातून कळलं. ताईची पत्रं वेगळी येतात. वर्षातून दोनदा, चार ओळी. हवा कशी आहे, तब्येत जप, उंचावर काम करताना खाली बघू नको. झडपेचं त्यात कधी काही नसतं.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुझ्या आईनं मला कधी काही सांगितलं नाही. ते दोन आटे माझे, एकट्याचे. दुसऱ्या प्रश्नाला मी सहा वर्षं स्वतःला एक उत्तर देत आलो: तिला काय माहीत, तिला मी फसवलं, ती खरं समजूनच बोलली. तुला तेच लिहिणार होतो. ते वाचून तू आज संध्याकाळीच आईच्या गळ्यात पडली असतीस, आणि तीही काही बोलली नसती. पण खरं काय, असं तू विचारलंस, आणि अकरा दिवस मी अडकलो तो ह्याच ठिकाणी.

मी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी एका मालट्रकच्या मागे बसून पिशवी उघडली. मी तिच्यात शर्ट बोळे करून कोंबले होते. आत दोन शर्ट होते, इस्त्री केलेले, गिऱ्हाइकांना देते तशी घडी, कॉलरखाली पुठ्ठ्याची पट्टी. ती पिशवी खाटेखाली आहे हे तिला माहीत होतं. मी जाणार हे तिला माहीत होतं, म्हणजे का जाणार हेही माहीत होतं. आणि तरी ती सकाळी सभागृहात उभी राहिली आणि माझं वाक्य बोलली, माझ्याच शब्दांत. मला पुरेसं लांब जायला एक दिवस मिळावा म्हणून की काय, मला माहीत नाही. तेव्हा हो चिमणे, तुझी आई खोटं बोलली. एकदा. तिनं आयुष्यभर शेवटचा आकडा स्वतःचा ठेवला, त्या एका दिवशी माझा आकडा पुढे घेतला, आणि तो एकसष्ट माणसांच्या आणि न्हाव्याच्या पुढे घेतला. म्हणून तिला तिथे फोटो नकोय, असं मला वाटतं. तिच्यावर रागव, तो तुझा हक्क आहे. पण राग अर्धा तिच्यावर आणि अर्धा माझ्यावर करू नकोस. वाटणीत मला जास्त येतो.

फोटोबरोबर आणखी एक घडी केलेला कागद आहे. तो महापालिकेच्या सचिवांना द्यायचा. त्यात लिहिलंय की झडप मी माझ्या मनानं दोन आटे उघडी ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं, ती जुनी आहे हेही मीच खोटं सांगितलं, आणि चौकशीला मी हजर होतोय. मुकादमानं सही साक्षीदार म्हणून केलीय, दोनदा. शर्टांचं त्या कागदात काही नाही. ते फक्त ह्या पत्रात आहे, आणि हे पत्र तू आईला वाचून दाखवावंस म्हणून मी लिहिलंय. ती इस्त्री करत असताना वाच, समोर बसवून नको. मधेच तिनं इस्त्री टाचेवर उभी केली तर थांब, पुन्हा हातात घेतली की पुढे वाच. ती कागद सचिवांना देऊ नको म्हणेल. तरी तू दे. न्हाव्याच्या बायकोला मात्र काही पाठवत नाही, तिच्या दारात कागदानं जाऊन भागणार नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतोय, आधी टेकडी चढेन, मग घरी. ते दोन शर्ट सहा वर्षांत मी एकदाही अंगाला लावले नाहीत, घड्या तशाच आहेत. त्यांतला एक घालून येईन.

तुझाच,
भिंगरीमामा